ढालीवरचं चिन्ह, तलवारीतली जादू आणि नाइटचा शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या मराठी महाकाव्यात्मक फँटसी कादंबरीत सात नाइटांचा संघ आहे. प्रत्येकाच्या ढालीवर एक प्राणी आणि प्रत्येकाकडे जादूची तलवार आहे. पहिल्याच प्रकरणात राजा नायकाच्या खांद्यावर तलवार टेकवतो आणि ती निळी उजळते. ज्यांनी हस्तलिखित वाचलं त्यांनी ‘व्हिडिओ गेमसारखं वाटतं’ असं सांगितलं. चिन्हं आणि जादू कथेत मुरत का नाहीत, आणि त्यासाठी काय करता येईल?

मी अशा हस्तलिखितांचं संपादन करते आणि मध्ययुगीन युरोपातले वीरकथांचे रोमान्स हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

तुमच्या सातही नाइटांकडे काय काय आहे ते मला कळलं. त्यांनी कोणाला काय शब्द दिलाय ते मात्र कुठेच कळलं नाही. घोडा, चिलखत, तलवार कुठल्याही भाडोत्री सैनिकाकडे असू शकते; नाइट घडतो तो शपथेने. ढालीवरचं चिन्ह ही त्या शपथेची चारचौघांना दिसणारी खूण. आणि जादू नाइटच्या कथेत शोभते ती शपथ मोडायचा मोह म्हणून किंवा मोडल्याची किंमत म्हणून. तुमच्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत, पण त्यांची एकमेकींशी ओळखच नाही.

हे समजून घ्यायला माझ्या मते अजूनही सर्वांत उत्तम कथा म्हणजे ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ हे १४व्या शतकाच्या उत्तरार्धातलं इंग्रजी काव्य. ओळी २५३०, कवी अज्ञात, आणि काळाच्या तडाख्यातून वाचलेलं हस्तलिखित एकच, जे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. नववर्षाच्या मेजवानीत आर्थर राजाच्या दरबारात एक नखशिखांत हिरवा स्वार हिरव्या घोड्यावरून, हातात कुऱ्हाड घेऊन शिरतो. म्हणतो, माझ्यावर एक घाव घाला, आणि एक वर्ष एक दिवसाने माझा एक घाव सोसायला या. गवेन पुढे होतो आणि त्याचं मुंडकं उडवतो. हिरवा नाइट खाली पडलेलं स्वतःचं मुंडकं केसांना धरून उचलतो. ते मुंडकं तोंड उघडून गवेनला कराराची आठवण करून देतं आणि स्वार निघून जातो.

ही जादू डोळे दिपवणारी आहे. बरेच नवे लेखक एवढ्यावरच थांबतात. या कवीने मात्र तिथून खरं काम सुरू केलंय.

वर्ष सरत येतं. गवेन निघण्यासाठी चिलखत चढवतो आणि कवी चक्क कथा थांबवून त्याची ढाल समजावून सांगतो. लाल ढालीवर सोनेरी पंचकोनी तारा, एकाच सलग रेषेत काढलेला, जिथे सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते सांगता येत नाही. त्याचा अर्थ पाच पंचकांत दिलाय: न चुकणारी पाच इंद्रियं, कधी दगा न देणारी पाच बोटं, ख्रिस्ताच्या पाच जखमा, त्याची आई मेरी हिचे पाच आनंद, आणि औदार्य, बंधुभाव, शुचिता, सौजन्य, करुणा हे पाच गुण. एक कोपरा निखळला तर सगळी आकृतीच मोडते. ढालीच्या आतल्या बाजूला मेरीचं चित्र रंगवलेलं आहे, लढताना त्याकडे नजर गेली की गवेनचा धीर खचू नये म्हणून. शत्रूला तारा दिसतो, मेरी फक्त त्याला दिसते. तुमच्या सातही ढालींना आतली बाजूच नाही. तिथे काय आहे हे प्रत्येकासाठी ठरवून पाहा. कदाचित ते कादंबरीत कुठेच छापायची गरज पडणार नाही, पण ते ठरवल्यावर तो माणूस वेगळा बोलायला लागेल.

पुढची गोष्ट. ऐन नाताळात गवेन एका गढीत उतरतो. यजमान त्याच्याशी एक गंमतीचा करार करतो: दिवसभरात मी शिकारीत जे मिळवीन ते तुझं, तू गढीत बसून जे मिळवशील ते माझं. तीन दिवस यजमान रानात जातो आणि तीन दिवस त्याची बायको गवेनच्या शयनगृहात येऊन त्याला मोहात पाडू पाहते. पहिल्या दिवशी हरणं येतात आणि गवेन संध्याकाळी यजमानाला एक चुंबन परत करतो. दुसऱ्या दिवशी रानडुक्कर, चुंबनं दोन. तिसऱ्या दिवशी कोल्हा, चुंबनं तीन. पण त्या दिवशी तिने त्याला स्वतःच्या कमरेचा हिरवा रेशमी पट्टा दिलेला असतो. तो बांधणाऱ्याला कोणी मारू शकत नाही, असं ती म्हणते, आणि नवऱ्याला सांगू नकोस अशी विनवणीही करते. दुसऱ्या दिवशी सकाळी कुऱ्हाडीखाली मान द्यायची आहे. गवेन चुंबनं परत करतो आणि पट्टा लपवतो.

इथे जादूची वस्तू नेमकी कुठे ठेवलीय ते बघा. शब्द मोडल्याशिवाय ती हातातच राहत नाही. दिली तर जीव जातो, ठेवली तर वचन जातं. तुमच्या नायकाला तलवार राजाकडून मिळते, सन्मानाने मिळते, आणि तिच्यासाठी त्याला काहीही सोडावं लागत नाही. वाचकाला खेळातल्या बक्षिसाची आठवण येते ती यामुळे.

घाव सोसायच्या ठरल्या जागी, ग्रीन चॅपेलपाशी, हिरवा नाइट तीनदा कुऱ्हाड उगारतो. पहिल्यांदा गवेन अंग चोरतो आणि कुऱ्हाड थांबते. दुसऱ्यांदा तो निश्चल उभा राहतो, तरी घाव नुसताच हुलकावणीचा. तिसऱ्यांदा मानेवर बारीकसा ओरखडा उठतो आणि बर्फावर रक्त पडतं. मग उलगडा होतो: हिरवा नाइट म्हणजेच तो यजमान. पहिले दोन घाव दोन दिवसांच्या खरेपणासाठी सोडून दिलेले, तिसरा ओरखडा लपवलेल्या पट्ट्यासाठी. या साऱ्यामागे आर्थरची बहीण मॉर्गन ल फे हिची जादू होती, हेही तेव्हाच कळतं.

पण पट्ट्यात खरोखर जादू होती का? काव्य हे कधीच सांगत नाही. हिरव्या नाइटला त्याला मारायचंच नव्हतं, तेव्हा पट्टा चालला की नाही हे तपासायची वेळच आली नाही. गवेनने आपला शब्द ज्यासाठी मोडला ती शक्ती कदाचित नव्हतीच. मी हे काव्य जितक्यांदा वाचते तितक्यांदा इथे थबकते.

आणि चिन्हाचं काय झालं? ढाल समजावताना एवढी जागा घेतलेल्या त्या ताऱ्याचं पुढे कवी नावही घेत नाही. गवेन परत येतो तो हिरवा पट्टा तिरका बांधून, अपराधाची खूण म्हणून. दरबार त्याचं ऐकून हसतो, त्याला जवळ घेतो, आणि ठरवतो की यापुढे गोलमेजाचा प्रत्येक सरदार तसाच हिरवा पट्टा बांधेल. एकाला जी लाज वाटते ती बाकीच्यांना भूषण वाटते. कोण बरोबर, हे कवी वाचकावर सोडतो. एका चिन्हाची जागा दुसऱ्याने घेतली आणि दुसऱ्याचा अर्थही दोन माणसांत दोन झाला. तुमचा गरुड पहिल्या पानावर शौर्याचा आणि चारशेव्या पानावरही शौर्याचाच असेल, तर मधल्या पानांनी त्याला काहीच केलं नाही.

मराठी वाचकाला हा ताण परका नाही. कर्णाची कवचकुंडलं आठवा. तिथे वाट बरोबर उलटी आहे: गवेन जादू मिळवायला वचन मोडतो, कर्ण वचन पाळायला जादू अंगावरून कापून देतो. तुमच्या सात जणांपैकी एकाला पहिल्या वाटेने आणि एकाला दुसऱ्या वाटेने पाठवलंत तर दोघांमध्ये जे संभाषण होईल ते तुमच्या सगळ्या लढायांपेक्षा मला वाचायला आवडेल.

आता तुमच्या दीक्षाविधीकडे येते. खांद्यावर तलवार टेकवण्याचा विधी आपल्या डोळ्यांसमोर सिनेमांमुळे पक्का बसलाय, पण जुन्या काळी नाइट करण्याचा मुख्य विधी कमरेला तलवार बांधण्याचा होता, आणि सोबत हाताने दिलेला एक तडाखा. १३व्या शतकातल्या एका फ्रेंच काव्यात हा विधी पायरीपायरीने येतो. कैदेत असलेला ख्रिस्ती सरदार ह्यू खुद्द मुस्लिम सुलतान सलादीनला नाइट कसं होतात ते दाखवतो. आधी स्नान, पापं धुण्यासाठी. मग पलंग, स्वर्गातल्या विसाव्याची आठवण म्हणून. पांढरं वस्त्र शरीराच्या शुद्धतेचं, वर लाल झगा सांडाव्या लागणाऱ्या रक्ताचा. पायांत काळे मोजे, मृत्यूची आणि ज्या मातीत जायचं तिची आठवण राहावी म्हणून. पांढरा कमरपट्टा, घोड्याला टोचायची टाचेवरची सोन्याची आर, दुधारी तलवार. शेवटचा तडाखा मात्र ह्यू देत नाही. मी तुमचा कैदी आहे, तुमच्यावर हात उचलणं मला शोभणार नाही, असं तो सांगतो. विधी अपुरा राहतो आणि त्या अपुरेपणात दोघांचं नातं उभं राहतं. तुमच्या प्रकरणात सगळं सुरळीत पार पडतं, म्हणून ते लक्षात राहत नाही. एखादी पायरी अडू द्या, कोणीतरी ती द्यायला नकार देऊ द्या.

विधीला उलटी बाजूही असते, आणि ती फँटसीत फार कमी लोक वापरतात. कार्लाइलचा अर्ल अँड्र्यू हार्कले याने स्कॉटलंडच्या रॉबर्ट ब्रूसशी परस्पर तह केला, म्हणून १३२३ मध्ये त्याला राजद्रोही ठरवलं गेलं. फाशी देण्याआधी त्याचं नाइटपद काढून घेतलं: कमरेची तलवार सोडवली, टाचेची आर तोडून टाकली. ज्या वस्तू बांधून माणूस नाइट झाला त्याच एकेक करून उतरवायच्या. मॅथ्यू पॅरिस हा १३व्या शतकातला इतिहासकार संन्यासी आपल्या हस्तलिखिताच्या समासात सरदारांच्या ढाली काढायचा, आणि सरदार मेला की ढाल उलटी रंगवायचा. तुमच्या सात प्राण्यांपैकी एखादा उलटा टांगलेला पाहून वाचकाच्या पोटात गोळा यावा, इतकं त्या ढालीचं वजन आधी तयार व्हायला हवं.

शपथेबद्दल आणखी एक गोष्ट, आणि मला ही सर्वांत महत्त्वाची वाटते. सरंजामी शपथ दोन्ही बाजूंना बांधते. सरदार निष्ठा देतो, धनी रक्षण आणि न्याय देतो. धन्याने शब्द मोडला तर निष्ठा जाहीरपणे परत घेता यायची. १२१५ च्या मे महिन्यात बंडखोर सरदारांनी इंग्लंडच्या जॉन राजाशी असलेली आपली निष्ठा रीतसर मोडली, आणि पुढच्याच महिन्यात राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या मॅग्ना कार्टा या सनदेवर शिक्का उमटला. तुमच्या कादंबरीत राजा शपथ घेतच नाही, फक्त घेववतो. जॉर्ज मार्टिनच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या कादंबरीमालेतला जेमी लॅनिस्टर वाचकांना का धरून ठेवतो? राजाच्या रक्षणाची शपथ घेतलेला हा माणूस त्याच राजाला मारतो, कारण तो राजा अख्खं शहर जाळायला निघालेला असतो. राजाला दिलेला शब्द आणि दुबळ्यांच्या रक्षणाचा शब्द एकाच क्षणी दोन्ही पाळता येत नाहीत. दोन्ही शब्द खरे असतील तेव्हाच अशी गाठ बसते.

टॉल्किन या गाठी फार हळुवार हाताने बांधतो. १९२५ मध्ये ई. व्ही. गॉर्डनसोबत त्याने गवेनच्या त्या काव्याचं संपादन केलं होतं, त्यामुळे ही परंपरा त्याच्या अंगात मुरलेली होती. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मेरी नावाचा छोटासा हॉबिट आपली तलवार थिओडेन राजापुढे ठेवून सेवेची शपथ घेतो. राजा त्याला पुढे मायेपोटी सेवेतून मोकळं करतो, लढाईला येऊ नकोस म्हणतो. राजाची भाची एओविन हिला प्रजेची जबाबदारी देऊन मागे ठेवलेलं असतं. दोघंही आज्ञा मोडून लढाईत पोचतात, आणि राजा पडल्यावर त्याच्या देहावर चालून आलेल्या विच-किंगला, शत्रूच्या सेनापतीला, दोघं मिळून संपवतात. मेरीचं पातं त्याच्या गुडघ्यामागे बसतं आणि त्याचं अजिंक्यपण तुटतं. ते पातं आलं कुठून? कथेच्या अगदी सुरुवातीला, एका थडग्यातून. उत्तरेतल्या लोप पावलेल्या राज्यातल्या लोहारांनी ते याच शत्रूशी लढताना घडवलं होतं. वार केल्यावर पातं धुरासारखं विरून जातं. एकदाच उपयोगी पडलेली जादू, जिची पेरणी शेकडो पानं आधी झालेली, आणि तिच्या मुठीवर प्रेमाने दिलेली शपथ व प्रेमापोटीच मोडलेली आज्ञा. तुमची निळी तलवार सतरा वेळा उजळते. मी ती एकदा, फार तर दोनदा उजळू दिली असती.

जादूला नियम असावेत का, हेही तुम्ही विचारलंय. फँटसी लेखक ब्रँडन सँडरसनने २००७ मध्ये मांडलेला नियम आता सर्वांना पाठ आहे: वाचकाला जादू जितकी समजलेली असेल तितक्याच प्रमाणात लेखक तिच्याने पेच सोडवू शकतो. पेच सोडवण्यापुरता हा नियम पक्का आहे आणि तो पाळाच. पण नाइटच्या कथेत जादूचं मोठं काम पेच घालण्याचं असतं, आणि तिथे धूसर जादू जास्त चांगली चालते, जशी हिरव्या पट्ट्याची. सँडरसनच्याच ‘द वे ऑफ किंग्ज’पासून सुरू होणाऱ्या मालिकेत नाइट शपथेचे शब्द उच्चारतात आणि शक्ती मिळवतात. यात शपथ म्हणजे पुढच्या पायरीची किल्ली होऊन बसायचा धोका होता. तो टळतो, कारण शपथ मोडली की नाइटशी जोडलेला एक सचेतन जीव त्याची शिक्षा भोगतो. मोडणारा वाचतो, सोबती मरतो. अशी किंमत तुमच्या जगात कोण चुकवणार?

मॅलरी या इंग्रजी लेखकाच्या आर्थरकथेत, जी मुद्रक कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापली, एक छोटा प्रसंग आहे. जादूगार मर्लिन तरुण राजाला विचारतो, तुला तलवार जास्त आवडते की म्यान? आर्थर म्हणतो, तलवार. मर्लिन सांगतो की म्यान दहा तलवारींच्या मोलाचं आहे, ते अंगावर असेपर्यंत कितीही जखमा झाल्या तरी रक्त जाणार नाही. पुढे आर्थरची बहीण मॉर्गन ते म्यान चोरते आणि तळ्यात फेकते. तलवार शेवटपर्यंत राहते, राजा मात्र मर्त्य होऊन राहतो. तरुण माणसाची एक निवड, साधीशी वस्तू, आणि सगळ्या शोकांतिकेची बीजं त्यात. जादू डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूत ठेवायची की तिच्या शेजारच्या दुर्लक्षित वस्तूत, हा विचार तुम्ही अजून केलेला दिसत नाही.

पैशाबद्दल दोन शब्द लिहिते, कारण तुमच्या सात जणांना घोडा कुठून आला हे कोणी विचारतच नाही. १३व्या शतकात इंग्लंडच्या राजांना ठरावीक उत्पन्नाच्या जमीनदारांना सक्तीने नाइट व्हायला लावावं लागे, इतका तो खर्च अंगावर येई. विल्यम मार्शल पुढे इंग्लंडचा राजप्रतिनिधी झाला, पण १२व्या शतकात नवा नवा नाइट झाल्यावर पहिल्याच चकमकीत त्याचा घोडा मारला गेला, आणि दीक्षेच्या वेळी अंगावर घातलेला झगा विकून त्याने ओझ्याचा एक घोडा घेतला. दीक्षेचं वस्त्रच विकावं लागणं! असा एक प्रसंग तुमच्या कुठल्याही जादूइतका खोल जाईल. आपल्याकडेही शिलेदाराचा घोडा स्वतःचा आणि बारगिराचा सरकारी, त्यावरून पगार आणि पत दोन्ही ठरायचं. तुमच्या संघात हा भेद आणलात तर सात जण आपोआप सात माणसं होतील.

ढालींचे रंगही एकदा तपासा. युरोपीय ढालचिन्हांचा नियम असा की सोन्यावर चांदी किंवा रंगावर रंग चढवायचा नाही, दुरून ओळखू यावं म्हणून. तुमचा काळ्यावर निळा लांडगा पन्नास पावलांवरून दिसणारच नाही. नियम मुद्दाम मोडायचा तर त्याला कारण हवं. जेरुसलेमच्या राज्याने चांदीवर सोन्याचे क्रूस घेतले ते असेच, सगळ्यांहून वेगळे दिसावेत म्हणून, असं सांगतात.

पहिलं प्रकरण पुन्हा लिहाल तेव्हा हे करून पाहा. आधी राजाने घ्यायची शपथ लिहा, मोजक्या तीन वाक्यांत, आणि ती त्याच्या तोंडून सर्वांसमोर वदवा. मग नायकाची. तलवार विधीच्या वेळी उजळायला नको, ती साधीच दिसू द्या. दरबारातल्या एखाद्या म्हाताऱ्या सेवकाने जाता जाता एवढंच सांगावं की हे पातं शब्दाला जागतं. बाराव्या प्रकरणात तुमचा नायक फरार मुलीला लपवतो आणि राजापुढे खोटं बोलतो. तिथे नायकाला वाटेल, वाचकालाही वाटेल, की आता पातं काळवंडणार. त्या रात्री तो एकटाच म्यानातून ते काढतो आणि ते खरंच काळवंडलेलं असतं. तो स्वतःला दोष देतो, पुढची शंभर पानं दोष देत राहतो, दरबारात पातं म्यानाबाहेर काढायची वेळ टाळत राहतो. आणि मग त्याला कळावं की ते काळवंडलं त्या रात्रीच्या आधी, ज्या दिवशी राजाने त्या मुलीच्या गावाला वाऱ्यावर सोडलं त्या दिवशी. यासाठी अकराव्या प्रकरणात, गावाची बातमी येते त्या संध्याकाळी, तलवार साफ करायला घेतलेल्या पोराने काहीतरी पाहून गप्प बसणं पेरावं लागेल. ती जागा तुमच्याकडे आहेच, तबेल्याचा प्रसंग.

सातपैकी चार नाइट मात्र मी वगळेन. अस्वल, ससाणा, साप आणि चित्ता यांना अजून कोणाला शब्द द्यायचा आहे असं दिसत नाही.